उतरवलं कुणी

४ फेब्रुवारी

कॅप्टनसाहेब,

चिरंजीव, आशीर्वाद वगैरे लिहायला बसले होते, पण हात वळेना. तू माझा फोन उचलत नाहीस. तुझी बायको दर वेळी ‘ते फ्लाइटवर आहेत, ताई’ म्हणते. माणूस इतका फ्लाइटवर असता तर एव्हाना चंद्रावर पोचला असता. म्हणून हे पत्र. ते निदान मध्येच कट करता येत नाही.

पहिलं म्हणजे अभिनंदन. तुमच्या विमान कंपनीने माझा लांबड्या पळवला. माझ्याकडचा शेवटचा पगारी शिकवणारा. काल मान खाली घालून राजीनामा देऊन गेला. दारात जाऊन परत वळला आणि म्हणाला, ‘मॅडम, सरांनी स्वतः फोन केला होता.’ सर म्हणजे तू. मी कोवळ्या पोरांना शिकवायचं कसं ते शिकवते, तुमच्याकडच्या नोकरीला लागणारे त्यांचे उडण्याचे तास भरत येतात, आणि नेमकं तेव्हा तुमचं जाळं पडतं. दुसऱ्या कुणी केलं असतं तर धंदा म्हटलं असतं. तू केलंस, त्याला काय म्हणायचं ते तूच ठरव.

दुसरं, कामाचं. हँगरच्या जागेचा करार जूनअखेर संपतो. बाबांनी जाताना तो आपल्या दोघांच्या नावावर ठेवला. त्या निमित्ताने तरी दोघं एका टेबलाशी बसतील असं त्यांना वाटलं असावं. हवामानाचा त्यांचा अंदाज कधी चुकला नाही, पोरांचा मात्र पार चुकला.

आता विमानतळावर नवीन डायरेक्टर आलेत. त्यांना ती जागा हवी आहे. बड्या लोकांच्या खासगी विमानांसाठी तिथे एसी लाउंज बांधायचंय. माणूस बोलायला इतका गोड की भेटून आल्यावर हात धुवावेसे वाटतात. ‘ताई, तुमची शाळा म्हणजे आपल्या विमानतळाचं भूषण!’ असं म्हणतात आणि त्याच दमात आमच्या उडायच्या वेळा कापतात. नवा करार करायला दोघांच्या सह्या लागतात. कागद सोबत जोडला आहे. सही कर आणि मोकळा हो.

शाळा उत्तम चालली आहे. पाच विमानं आहेत, मुलं आहेत, मी आहे. तुझी उणीव कुणाला भासत नाही.

तुझी ताई
(कागदोपत्री)


२१ फेब्रुवारी

उत्तर मिळालं. टाइप केलेलं! सख्ख्या बहिणीला लिहितानासुद्धा तुझ्या बोटांना शाई लागली नाही, हे बरं झालं.

‘ताई, तुझं वय झालं. आता हा धंदा मोठ्या अकादमींचा आहे. भावनेच्या आहारी जाऊ नकोस.’ अरे, भावनेला वेळ कुठाय? सकाळी उठल्या उठल्या मी टँकरवाल्याशी भांडते, कारण आमच्या छोट्या इंजिनांना लागणारं पेट्रोल आता या सगळ्या भागात एकच डेपो देतो आणि तिथल्या साहेबाला आमची चार पिंपं म्हणजे कटकट वाटते. दुपारी इंजिनाचा एखादा भाग सोडवायला कस्टमच्या बाकावर बसते. संध्याकाळी पलीकडच्या नव्या कॉलनीतल्या आजोबांचा फोन येतो. त्यांनी विमानतळाला लागून घर घेतलं आणि आता विमानांचा आवाज येतो म्हणून ते थक्क झालेत. या सगळ्यात लांबड्या गेल्यापासून प्रत्येक मुलाबरोबर मीच वर जाते. पाठ दुखते असं मी कुणाला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

आता खरी बातमी. बस आणि मग वाच.

तुझी लेक माझ्याकडे आहे. सुखरूप आहे. परवा दुपारी एक बॅग घेऊन हँगरच्या दारात उभी राहिली. मी विचारलं, ‘जेवलीस का?’ ती म्हणाली, ‘आत्या, मला शिकवशील?’ कॉलेजचं वर्ष अर्ध्यावर सोडून आली आहे. शहाणपणाचं नाही, हे मी तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि बॅग उचलून जिना चढून वर गेली.

तुमच्या जेवणाच्या टेबलावर काय झालं तेही कळलं. तिच्या हातून पाण्याचा ग्लास कलंडला आणि तू म्हणालास, ‘हिला विमान चालवायचंय! तुझ्यात ते नाहीच. आपला वकूब ओळखावा माणसाने.’ कशावरून ठरवलंस? ग्लासावरून? इतकी वर्षं शेकडो अनोळखी माणसं पाठीमागे बसवून उडतोस, पोटच्या पोरीला एकदा तरी शेजारी बसवलंस?

हँगरच्या माळ्यावरची खोली तिला दिली आहे. शिकवायला सुरुवात उद्यापासून.

ताई


१४ मार्च

‘पोरगी परत पाठव, नाहीतर सही विसर.’

एवढंच? चार पानांचं पत्र लिहायचे दिवस गेले वाटतं. पूर्वी दरोडेखोर माणसं ओलीस ठेवायचे, तू हँगर ठेवतोस.

तुझं हे काव्य मी तिला वाचायला दिलं. लपवाछपवी मला जमत नाही. तिने वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, ‘आत्या, मी जाते. माझ्यापायी तुझी शाळा नको बुडायला.’ मी म्हटलं, ‘गप बस आणि चेकलिस्ट पाठ कर.’ झाला निर्णय. तुला काय करायचं ते कर.

आणि ऐक. गेल्या बुधवारी आम्ही दोघी वर होतो. उतरायला निघालो तर टॉवरने सांगितलं, तळ्यावर जाऊन थांबा, कंपनीचं विमान येतंय. थांबलो. तळ्याभोवती घिरट्या घालतोय, घालतोय. ज्या पेट्रोलसाठी मी सकाळी घसा कोरडा केला ते जळतंय. माझी आणखी दोन मुलं खाली ताटकळत बसलीत, कारण आम्हाला उडायला सकाळचा जेमतेम तुकडा उरलाय आणि तोही असा जातोय. तेवढ्यात रेडिओवर कंपनीच्या कॅप्टनचा आवाज आला. ‘ही शाळेची विमानं रनवेच्या आसपास कशाला ठेवता? प्रवासी घेऊन येतोय मी.’

तुझा आवाज. इतका कोरडा की क्षणभर मलाच वाटलं, चुकले असेन. तिला मात्र तसं वाटलं नाही. तिने माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. समोर बघत राहिली, ओठ घट्ट मिटले, आणि पुढच्या सगळ्या घिरट्यांत उंची तसूभर ढळू दिली नाही. तुझ्या खांद्यावरच्या सगळ्या पट्ट्यांची शपथ, त्या वयात तुला ते जमलं नसतं.

पोरगी छान उडवते. वळणं स्वच्छ, कान रेडिओकडे, नजर बाहेर. नाक वर करकरून मी विमान मुद्दाम पडू दिलं, भल्याभल्यांची पाचावर धारण बसते तिथे, आणि ती हसली! ‘पुन्हा’ म्हणाली. मला तिथेच तुला फोन लावावासा वाटला. तू उचलला नसतास.

पाच विमानं लिहिली होती ना मागे, त्यातलं एक दुसऱ्यांना भाग देऊन देऊन सांगाडा झालंय. चार धर.

ताई


११ एप्रिल

फार लिहीत नाही. दिवसभर वर असते, खाली आले की टेकते.

तुझी लेक शनिवारी, तीन मेला, सोलो उडेल. एकटी. शेजारची सीट रिकामी. तोपर्यंत लँडिंग जरा घासूनपुसून घ्यायचंय, बाकी सगळं तयार आहे. इतक्या लवकर माझ्याकडे फार थोडी मुलं इथवर आली. तूसुद्धा नाही.

तू ये. बायकोला घेऊन ये. हँगरच्या दारात तुझ्यासाठी खुर्ची टाकून ठेवते. तिथे बसून तुला तुझे ‘वकुबा’चे शब्द गिळताना बघायचंय मला. पाणीही देईन बरोबर.

डायरेक्टर पुन्हा आले होते. टेप घेऊन माणूस आणला होता, हँगरची लांबी-रुंदी मोजली. मी समोर उभी असताना! ‘नुसता अंदाज घेतोय, ताई.’ मी म्हटलं, ‘माझाही घ्या.’ हसले.

आणखी एक विमान इंजिनासाठी अडकलंय आणि दोन मुलं अकादमीत गेली. तिथे स्विमिंग पूल आहे म्हणे. विमान शिकायला पूल कशाला लागतो ते मला विचारू नकोस.

शनिवार. विसरू नकोस.

ताई


४ मे

तू आला नाहीस.

तुझी बायको आली, एकटी, टॅक्सीने. खुर्चीत बसली आणि दोन्ही हातांनी पर्स घट्ट धरून ठेवली, विमान जणू पर्समधूनच उडणार होतं. झाला प्रकार तिच्याकडून कळला असेलच. तरी माझ्याकडूनही ऐक, कारण ती खाली होती आणि मी वर.

सोलोला सोडण्याआधी शिकवणारा शेजारी बसून दोन-तीन फेऱ्या मारून घेतो, तुला ठाऊक आहे. पहिली फेरी. रनवेच्या तोंडाशी येईपर्यंत सगळं सुरेख. मग जमीन वर येऊ लागली, आता अलगद नाक उचलायचं, आणि तिचे हात थांबले. किंचाळली नाही, डोळे मिटले नाहीत. नुसती थांबली. कुणीतरी आतून बटण बंद करावं तशी. मी कंट्रोल घेतला आणि उतरवलं. दुसऱ्या फेरीला तेच. मी विचारलं, ‘काय होतंय?’

‘काही नाही. पुन्हा करूया.’

तिसऱ्या वेळी मी वाट बघितली. बघू नये इतकी बघितली. तिने काही केलं नाही. शेवटी मी ओढलं तेव्हा चाकं जवळजवळ टेकलीच होती. दणका असा बसला की दात वाजले.

आणि हो, हे काल पहिल्यांदा झालं नाही. एप्रिलभर चाललं होतं. घासूनपुसून म्हणून लिहिलं ते हेच. मला वाटलं, सुटेल. सगळ्यांचं सुटतं.

हँगरसमोर येऊन थांबलो. अशा वेळी शिकवणारा दार उघडून उतरतो आणि मुलगा एकटा पुढे जातो. ती माझ्या दाराच्या कडीकडे बघत होती.

‘आज नाही,’ मी म्हटलं.

‘आज नाही, की कधीच नाही?’

मला तिथे काहीतरी बोलायला हवं होतं. इतक्या वर्षांत इतक्या मुलांना धीर दिला, पण त्या क्षणी मी हात पुढे करून इंजिन बंद केलं. तिने पट्टा सोडला. उतरताना म्हणाली, ‘बाबांनी निदान तोंडावर सांगितलं.’ आणि सरळ आईच्या टॅक्सीत जाऊन बसली. बॅगसुद्धा घेतली नाही.

जिंकलास तू. घे.

पण एक ऐकून ठेव. मी तिला सोडू शकले असते. मी ‘जा’ म्हणायचा अवकाश, ती गेली असती. आणि नीट उतरली असती तर तुझं नाक आयुष्यभर खाली राहिलं असतं. एकटं असलं की कधीकधी हात चालतातही. पण ‘कधीकधी’वर मी कुणाच्या मुलीला सोडत नाही. तुझ्याही नाही.

ताई


१८ मे

‘माझ्या मुलीला नालायक ठरवणारी तू कोण?’

वा! मी हे वाक्य दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. फेब्रुवारीत तिच्यात ‘ते’ नव्हतं. मे महिन्यात कुठून आलं? उन्हाळ्यात उगवतं का? म्हणजे तिला कमी लेखायचा मक्ता तुझा एकट्याचा. दुसऱ्या कुणी तिला थांबवलं की तुझ्या अंगाचा तिळपापड.

नालायक हा शब्द मी वापरलेला नाही. वापरणारही नाही. ‘अजून तयार नाही’ आणि ‘नालायक’ यातलं अंतर तुला कळत नाही, म्हणूनच तू चांगला पायलट आहेस आणि शिकवणारा कधीच नव्हतास.

तू लिहितोस, माझं शिकवणं जुनाट आहे, माझी विमानं खटारा आहेत आणि तुझ्यावरचा राग मी पोरीवर काढला. पहिलं खरं. दुसरं अर्धं खरं, उडणारी दोनच उरली आहेत आणि त्यातलं एक खटारा आहे. तिसरं साफ खोटं. तुझ्यावरचा राग मी तुझ्यावरच काढते, हे पत्र पुरावा म्हणून ठेव.

‘मी स्वतः येऊन बघतो’ म्हणतोस. ये ना! सुट्टी काढ, तिच्या शेजारी बस आणि बघ. माझं विमान, माझं पेट्रोल. फक्त डोळे उघडे ठेवून ये.

तिच्या खोलीला मी हात लावलेला नाही. तिचं निळं जॅकेट खुंटीवर तसंच आहे. हवं असेल तर पाठवते. नको असेल तर राहू दे.

ताई


९ जून

काल तू तावातावाने निघून गेलास. मी तोंडावर पुरतं बोलले नाही, कारण ती बाहेर गाडीत बसली होती. आता बोलते.

गणवेश घालून आलास. सुट्टीवरचा माणूस गणवेश का घालतो हे मी विचारलं नाही. डायरेक्टर धावत येऊन तुझा हात हलवून गेले, त्यावरून कळलंच. मग तू उजवीकडच्या सीटवर बसलास, ती डावीकडे, आणि तुम्ही वर गेलात. मी दारातच उभी होते.

वारा आडवा होता, डावीकडून. वाऱ्याची पिशवी ताठ. अशा वाऱ्यात माझ्याकडची जुनी मुलंही दोनदा विचार करतात. विमान वळसा घालून आलं. आणि मग काय देखणं उतरलं! डावं चाक आधी, अलगद. थोडा वेळ त्या एकाच चाकावर धावलं, मग उजवं, आणि नाक वर, वर, अजून वर, शेवटी आपोआप खाली. अरे पोरा, मी ते तुझ्याआधी त्याच माणसाकडून शिकले. बाबांनी दोघांनाही टपल्या मारून मारून शिकवलंय ते. सही खोटी करता येते, चेहरा खोटा करता येतो. ते नाक तुझं होतं.

तुम्ही उतरलात. तू तिच्या पाठीवर थाप मारलीस आणि मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणालास, ‘बघितलंस? एकटीने उतरवलं! मी हातसुद्धा लावला नाही.’ ती हसली. बुटांकडे बघत.

मग ऑफिसात तुझा सौदा.

‘ती सोलोला तयार आहे असं लिहून दे. अकादमीत बोलून ठेवलंय, आधीच्या शाळेचं पत्र लागतं त्यांना. तू ते दे, मी कराराची सही देतो. दोघांचं काम होतं.’

‘ती तयार नाही.’

‘आत्ता तुझ्यासमोर उतरवलं तिने.’

‘कुणी उतरवलं?’

तू खिडकीबाहेर बघितलंस. ‘ताई, थोडी मदत सगळेच करतात.’

‘मग मदत केली म्हण. तिला सांग.’

‘तिला आत्मविश्वास हवाय. घरी आल्यापासून खोलीतून बाहेर येत नव्हती, तुला काय माहीत? मला माझी मुलगी परत हवी आहे.’

हे तू म्हणालास तेव्हा तुझा आवाज फाटला. मी ऐकलं. नाही ऐकलं असं दाखवलं. आणि मग तू तो शहाणपणा केलास. कराराचा कागद टेबलावर ठेवलास, पेन काढलंस, टोपण उघडलंस आणि म्हणालास, ‘तुला हँगर नकोय का?’

हवाय. हे घे, लिहून देते. इतका हवाय की तू गेल्यावर मी शाळेचा शिक्का असलेलं पान ओढून घेतलं आणि तारीखही घातली. पुढे ती अकादमी डोळ्यांसमोर आली. तिथला एखादा शिकवणारा असेल, लांबड्यासारखाच, तास भरायच्या घाईतला. तिच्याबरोबर दोन फेऱ्या मारेल. तिसऱ्या वेळी हात थांबले तरी म्हणेल, आधीच्या बाईंनी तयार म्हटलंय, आज जरा बिचकली असेल. बाहेरून दार लावेल आणि बाजूला होईल. आणि ती शेवटच्या टप्प्यावर येईल, शेजारी कुणी नसेल.

तू आत्मविश्वास म्हणतोस. खोट्या लँडिंगवर मिळालेला आत्मविश्वास तिला किती उंचीपर्यंत पुरेल, सांग.

कराराचा कागद सोबत परत पाठवते आहे. तुझ्या सहीशिवाय आणि माझ्या पत्राशिवाय. अकादमीतून मला विचारणा झाली तर खरं ते सांगणार आहे. मागाहून बोंब मारू नकोस.

ताई


६ जुलै

तू नव्या गावी बदली करून घेतलीस असं कळलं. हे पत्र तिकडे पाठवते आहे.

करार संपला. कुलूप लावायला डायरेक्टर स्वतः आले, फुलं घेऊन! मी फुलं टँकरवाल्याला दिली. त्याला रडू आलं, इतकी वर्षं माझ्याशी भांडलेला माणूस. उरलेली मुलं दुसऱ्या शाळांत लावून दिली, दोघं मागे राहिली. विमान उडणारं एकच. शेतांवर औषध फवारणारा तो जुना पायलट आठवतो का, कायम शिंकणारा? त्याच्या गवताच्या धावपट्टीवर त्याने मला एक शेड दिली आहे. टॉवर नाही, लाउंज नाही, गुरं आली की आपणच हाकलायची. याला शाळा म्हणायचं की नाही ते मी अजून ठरवलेलं नाही. तू ठरवू नकोस.

हे सांगायला लिहीत नव्हते.

अकादमीच्या प्रमुख बाईंचा फोन आला होता. मी सांगितलं, मुलगी हुशार आहे, वर असताना उत्तम, उतरताना हात थांबतात, कुणी समजून घेतल्याशिवाय एकटी सोडू नका. त्यांनी जागा नाकारली नाही. पहिल्यापासून सुरुवात करू म्हणाल्या. पण तुझी लेक तिथे गेली नाही. सामान बांधत होते तर हँगरमध्ये येऊन उभी राहिली. मला वाटलं जॅकेट न्यायला आली.

ती म्हणाली, ‘आत्या, मला तेव्हाच कळलं होतं.’

‘काय?’

‘कंट्रोल माझ्या हातात आपोआप सरकत होता. बाबांचे हात खाली होते, मला दिसू नयेत असे. मला वाटलं खाली उतरल्यावर सांगतील. विमान थांबल्यावर त्यांनी टाळी मागितली.’

‘मग?’

‘मी दिली.’

आम्ही दोघी खोके बांधायला लागलो. मग तीच बोलायला लागली, दोरीची गाठ मारता मारता, अगदी सहज. लहानपणी सायकल चालवताना तू मागून सीट धरायचास आणि सोडायचास नाही. चित्र काढलं की शेवटच्या दोन रेघा तू ओढायचास, आणि चित्र छान व्हायचं. ‘जमीन जवळ आली ना, की वाटतं शेजारी कुणीतरी आहे ज्याला हे माझ्यापेक्षा चांगलं येतं. मग हात म्हणतात, आपण कशाला?’ आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘तूही कंट्रोल घ्यायचीस, आत्या. लगेच.’

आता मला राग आला असं लिहायला हवं. नाही आला.

ते उरलेलं विमान गवतावर न्यायचं होतं. मी तिला डावीकडे बसवलं. रनवेवर जाण्याआधी सांगितलं, ‘मी कंट्रोल घेणारच नाही असं म्हणत नाही, ते खोटं होईल. जीवावर बेतलं तर घेईन. त्याआधी नाही. आपटलीस तर आपट. वाकडं गेलं तर जाऊ दे. चाक मोडलं तर चाक मोडेल.’

‘चाक महाग असतं,’ ती म्हणाली.

‘तुला काय करायचंय? उडव.’

गवत जवळ आलं. तिचे हात थांबले. आधी थांबायचे ना, तसेच थांबले. माझे हात मांडीवर होते आणि आयुष्यात मी इतकी जड वस्तू उचलून धरलेली नाही. मी काही बोलले नाही. ती मोठ्याने ओरडली, ‘आत्या!’ मी तरी बोलले नाही. मग तिने ओढलं. फार ओढलं, विमान वर उसळलं, आपटलं, पुन्हा उसळलं, तिने शिवी दिली (तुझीच, घरातली), पुन्हा आपटलं आणि गवतातून वेडंवाकडं धावत कुंपणापाशी जाऊन थांबलं. फवारणीवाला शेडमधून धावत आला, त्याला वाटलं आम्ही गेलो.

इतकं भयाण लँडिंग मी फार थोड्या वेळा बघितलंय. ती कंट्रोलवर डोकं टेकून बसली होती. मी विचारलं, ‘कुणी उतरवलं?’

‘मी,’ म्हणाली. आणि मग ढसाढसा रडली.

सोलो अजून नाही. कदाचित वर्षअखेर, कदाचित कधीच नाही, ते तिचं तिने बघायचं. कॉलेजचं राहिलेलं वर्ष बाहेरून पूर्ण करते आहे, तो माझा हट्ट. रोज उतरते. रोज थोडी कमी आपटते.

तुझा राग मला अजून तितकाच आहे. हँगर गेला, तो तुझ्यामुळे गेला, आणि ते मी विसरणार नाही. तू मला उत्तर लिहू नकोस, मला नकोय. पण तिला फोन कर. ती उचलेल की नाही सांगता येत नाही, तरी कर. तब्येत, हवापाणी काही विचारू नकोस. ‘ते लँडिंग माझं होतं,’ एवढं म्हण आणि गप्प बस. पुढचं तिला बोलू दे. मध्ये हात घालू नकोस.

ताई